वस्तीतल्या मुलांच्या समुपदेशनासाठी पैसा कुठून उभा करायचा?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, ही त्यातली सर्वाधिक चर्चा झालेली सूचना. निर्णय मोलाचा आहे. पण ज्या मुलाचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, त्याच्यापर्यंत तो कसा पोहोचणार? नववीत शाळा सोडून गॅरेजमध्ये लागलेला मुलगा, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीकडे राहणारी मुलगी, बाल न्याय मंडळासमोरून सुटून पुन्हा त्याच गल्लीत आलेला पोरगा, यांना समुपदेशक भेटायचा असेल तर तो वस्तीतच असायला हवा.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. शाळा-कॉलेज सुटलेली मुलं या रकान्यात येतच नाहीत.

वस्तीत असं काम करू पाहणारी मंडळे, महिला गट आणि छोट्या संस्था पुष्कळ आहेत. त्या अडतात ते पैशापाशी. या कामाला पैसा नाही असं नाही. तो पाच-सहा वेगवेगळ्या खिशांत आहे, आणि प्रत्येक खिशाचा नियम निराळा आहे. कोणत्या खर्चासाठी कोणाकडे जायचं हे कळलं की निम्मं काम सोपं होतं.

## आधी दोन शब्द समजून घेऊ

जोखमीतली मुलं म्हणजे साधारण १० ते २४ वयाची अशी मुलंमुली, ज्यांच्या भोवतालच्या परिस्थितीमुळे त्यांना मानसिक त्रास, व्यसन, हिंसा किंवा शिक्षण तुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. ती आजारी आहेतच असं नाही. बेंगळुरूच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये निदान करण्याजोगा मानसिक आजार आढळला. त्याच्या अलीकडे असणारी, पण वेळेवर कुणी बोललं तर सावरू शकणारी मुलं कितीतरी जास्त असतात.

लोकाधारित समुपदेशन म्हणजे दवाखान्याऐवजी वस्तीत, त्याच वस्तीतल्या प्रशिक्षित माणसाने, ठरलेल्या पद्धतीने आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेलं समुपदेशन. या व्याख्येतला प्रत्येक भाग महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक भागाला स्वतंत्र खर्च आहे.

## खर्च नेमका कशाचा होतो?

देणगीदाराकडे जाण्याआधी हा हिशोब कागदावर हवा. साधारण वीस हजार लोकवस्तीचा एक भाग धरून केलेला नमुना पाहू. आकडे गावागणिक बदलतील, प्रमाण फारसं बदलणार नाही.

वस्तीतले चार समुपदेशन-मित्र (समुपदेशन करणारी प्रशिक्षित स्थानिक माणसं), दरमहा १८,००० रुपये मानधनाने: वर्षाला ८,६४,०००. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्रात एमए झालेली एक पूर्णवेळ पर्यवेक्षक, दरमहा ३५,०००: ४,२०,०००. महिन्यातून चार वेळा अर्धा दिवस येणारी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, दर खेपेला ४,०००: १,९२,०००. खोलीचं भाडं आणि वीज ९६,०००. कार्यकर्त्यांचा प्रवास आणि मुलांना रुग्णालयात नेण्याचा खर्च ७२,०००. फोन, नोंदवह्या, छपाई ६०,०००. प्रशिक्षण १,००,०००. हिशोबनीस आणि ऑडिट १,२०,०००. रात्री-बेरात्री लागणाऱ्या तातडीच्या मदतीसाठी राखीव ४०,०००. एकूण १९,६४,००० रुपये.

आता या रकमेत किती मुलं होतील? एका समुपदेशन-मित्राने आठवड्याला १५ भेटींची वेळ दिली आणि वर्षात ४४ आठवडे काम झालं तर ६६० वेळा होतात. त्यातल्या एक तृतीयांश वेळी मूल येत नाही. ही गळती गृहीतच धरावी. कामाला लागलेली मुलं, घरकामात अडकलेल्या मुली दर आठवड्याला येऊ शकत नाहीत. उरल्या ४४० भेटी. एका मुलाला सरासरी पाच भेटी धरल्या तर ८८ मुलं, चौघांची मिळून ३५२. म्हणजे एका मुलामागे साधारण ५,६०० रुपये.

पण हे दुसऱ्या वर्षाचं गणित झालं. पहिल्या वर्षाचा निम्मा वेळ शिकण्यात आणि वस्तीचा विश्वास मिळवण्यात जातो. त्या वर्षी २०० मुलं धरली तर खर्च माणशी ९,८०० च्या वर जातो. प्रस्तावात पहिल्याच वर्षी ३५० मुलांचं आश्वासन देणाऱ्या संस्था सहाव्या महिन्यात अडचणीत येतात आणि मग आकडा गाठण्यासाठी शाळेच्या वर्गात अर्ध्या तासाचं व्याख्यान देऊन ६० मुलांवर 'समुपदेशन केलं' अशी खूण करतात. दोन्ही वर्षांचे आकडे वेगवेगळे लिहा. जाणकार देणगीदाराला त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

या हिशोबात जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम माणसांच्या मानधनाची आहे. वस्तू फारशी नाहीच. निधी उभारताना खरी अडचण इथून सुरू होते.

## आचाऱ्याची मजुरी कोण देणार?

गावच्या भंडाऱ्याला तांदूळ द्यायला कुणीतरी पुढे येतो, डाळ कुणीतरी देतो, मंडप एखाद्या दुकानदाराचा असतो. आचाऱ्याची मजुरी आणि पाण्याचा टँकर मात्र शेवटपर्यंत कुणाच्या नावावर लागत नाही. समुपदेशनाच्या कार्यक्रमात पर्यवेक्षकाचा पगार आणि हिशोबनिसाचं मानधन यांचं तसंच होतं. संगणक, फर्निचर, फलक, उद्घाटनाचा कार्यक्रम यांना पैसे मिळतात, कारण त्यांचा फोटो निघतो.

म्हणून अख्खा कार्यक्रम एकाच दारात घेऊन जाऊ नका. त्याचे भाग पाडा आणि ज्या दाराच्या नियमात जो भाग बसतो तो तिथे मागा. जागा, औषधोपचार आणि तज्ज्ञांचा वेळ सरकारी यंत्रणेतून. मानधन आणि देखरेख कंपन्या व न्यासांकडून. तातडीची राखीव रक्कम आणि ऑडिटचा खर्च व्यक्तींच्या देणग्यांतून, कारण या पैशावर अटी सर्वांत कमी असतात.

## हे सरकारचं काम नाही का?

आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १८ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क प्रत्येकाला दिला. या हक्कात घराजवळची सेवाही येते. त्यामुळे सरकारी रुग्णालयात सेवा मागताना आपण उपकार मागत नाही, हे मनात पक्कं असू द्या.

मात्र सरकारकडून संस्थेला रोख रक्कम मिळणं कठीण, आणि माणसं, जागा व औषधं मिळणं तुलनेने सोपं, असा व्यवहार आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता अशी पदं असतात आणि शाळा-कॉलेजांतलं काम व आत्महत्या प्रतिबंध त्यांच्या कामाचाच भाग आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र देऊन ठरावीक वार मागून घ्या: 'दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आमच्याकडून पाठवलेल्या मुलांना तपासाल का?' एवढी नेमकी मागणी मान्य होते. 'सहकार्य करावे' अशी मोघम मागणी फाइलमध्ये राहते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून १० ते १९ वयासाठी आहे. महाराष्ट्रात उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत त्याचे मैत्री क्लिनिक असतात आणि तिथे समुपदेशक असतात. यातल्या कित्येकांना मुलं मिळत नाहीत आणि वस्तीतल्या मुलांना हे क्लिनिक ठाऊक नसतं. ही गाठ घालून देण्याला खर्च फक्त रिक्षाभाड्याचा आहे.

रोख अनुदान मिळण्याजोगी एक वाट नीट पाहण्यासारखी आहे. केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या अमली पदार्थांची मागणी घटवण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात किशोरवयीन मुलांसाठी समवयस्कांमार्फत चालणारे वस्तीपातळीवरचे प्रकल्प आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना सीपीएलआय म्हणतात. व्यसनाच्या वाटेवरच्या मुलांसाठी बाहेर फिरून काम करणारी आणि येऊन बसता येईल अशी केंद्रंही त्यात आहेत. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर होतो. तुमच्या भागात गांजा, व्हाइटनर, खोकल्याची औषधं हा प्रश्न खरोखर असेल तर हा मार्ग धरा. नसेल तर केवळ पैशासाठी आपल्या कामाला व्यसनमुक्तीचं लेबल लावू नका. वस्तीत ते लागलं की मुली येणं बंद होतं.

सरकारी अनुदान हप्त्यांनी येतं आणि पुढचा हप्ता मागच्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावरच सुटतो. मधे चार-सहा महिने सहज जातात. तेवढे दिवस मानधन देण्याची सोय आधी करून ठेवली नाही तर सर्वांत चांगला समुपदेशन-मित्र डिलिव्हरीच्या कामाला लागतो, आणि त्याच्याकडे येणारी वीस-पंचवीस मुलंही तुटतात. किमान तीन महिन्यांच्या मानधनाइतकी गंगाजळी उभी राहिल्याशिवाय सरकारी अनुदानाच्या भरवशावर नेमणुका करू नयेत.

मुलांच्या घरात थेट जाणारा पैसाही इथे मोजला पाहिजे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत पात्र मुलाला प्रायोजकत्व म्हणून दरमहा ४,००० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपये आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती हे त्याचे दरवाजे. आई एकटी असेल आणि मूल भांडी घासायला जात असेल तर पाचव्या भेटीला ते का येत नाही, याचं उत्तर समुपदेशनात मिळत नाही. हा अर्ज भरून देणं हाही कार्यक्रमाचाच भाग समजा.

ग्रामपंचायतीलाही विसरू नका. स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. लहान गावात ही रक्कम थोडकी असते, पण एमआयडीसीलगतच्या किंवा मोठ्या ग्रामपंचायतीत खोलीचं भाडं आणि वीज त्यातून निघू शकते. ग्रामसभेच्या ठरावात 'किशोरवयीन मुलामुलींसाठी समुपदेशन केंद्र' असे शब्द यायला हवेत. ठरावात नाही ते अंदाजपत्रकात येत नाही.

## कंपन्यांचा सीएसआर: नियम खरोखर काय म्हणतात

सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची आधीच्या वर्षातली निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची असते. कामांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. प्रतिबंधक आरोग्यसेवा, शिक्षण आणि उपजीविकेची कौशल्यं त्यात असल्याने आपलं काम त्यात व्यवस्थित बसतं.

बहुतेक संस्था बड्या नावांच्या मागे धावतात. जरा जवळ बघा. वर्षाला सरासरी ६ कोटी नफा असलेल्या, चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज किंवा बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्याला १२ लाख खर्च करावेच लागतात. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमण्याचंही बंधन नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. म्हणजे मालकाशी किंवा कारखाना-व्यवस्थापकाशी थेट बोलून काम होऊ शकतं. शिवाय कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. तिथले कामगार याच वस्त्यांत राहतात, हेही त्यांना सांगून पाहा.

'आम्ही पगाराला पैसे देत नाही, नियमात ५ टक्क्यांची मर्यादा आहे,' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. इथे गैरसमज आहे. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च नियमांच्या व्याख्येने त्यातून वगळलेला आहे. समुपदेशकाचं मानधन ही प्रकल्पाची अंमलबजावणी आहे. तेव्हा अंदाजपत्रकात 'पगार' असा एकच मोठा आकडा टाकू नका. 'प्रत्यक्ष समुपदेशन सेवा', 'गुणवत्ता देखरेख' असे कामाप्रमाणे रकाने करा आणि त्याखाली माणसांची संख्या व महिने द्या. यात काही लपवायचं नाही, जे आहे ते नीट नावाने लिहायचं आहे.

आणखी एक तरतूद कामाची आहे. कंपनीने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो. मुलांच्या समुपदेशनाला एक वर्षाची मंजुरी घातक आहे, म्हणून हा शब्द प्रस्तावात स्वतःहून घाला. वेळही सांभाळा. कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत पोहोचलेला बरा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 'उद्या बिल द्या' असा फोन आला तर पैसा वस्तूंवर जातो आणि माणसांसाठी पुढे काही उरत नाही. अशा वेळी प्रशिक्षणाचं साहित्य आणि प्रशिक्षकांचं मानधन मागणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं.

## कागद पूर्ण नसतील तर?

प्रस्ताव नाकारला जाण्याचं सर्वांत साधं कारण हेच असतं. न्यास, संस्था किंवा कलम ८ खालची (नफा न वाटणारी) कंपनी यांपैकी एक नोंदणी, संस्थेचं पॅन, आयकर खात्याच्या ज्यांना सगळे १२-ए (संस्थेला करसूट) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) म्हणतात त्या दोन नोंदण्या, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचे ऑडिट अहवाल. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण अर्जांवर आणि बोलण्यात जुनी नावं अजून चालतात.

महाराष्ट्रात एका कागदाकडे फार दुर्लक्ष होतं: धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तो दाखल करायचा असतो. अनेक न्यासांच्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, दहा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांची नावं असतात. कंपनीचा वकील उतारा आणि प्रस्तावावरची सही जुळवून पाहतो आणि फाइल तिथेच थांबते. प्रलंबित रिपोर्ट निकाली काढायला महिने लागतात, म्हणून निधी शोधायच्या आधी हे काम हाती घ्या.

संस्था तीन वर्षांची नसेल तर सीएसआर सहसा मिळत नाही. मग जुन्या, स्वच्छ हिशोबाच्या संस्थेबरोबर लेखी करार करून तिच्या छताखाली काम सुरू करा. त्या करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: पैसे किती दिवसांत मिळणार, ती संस्था किती टक्के ठेवणार, आणि मुलांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार. तिसरी गोष्ट विसरली जाते आणि पुढे भांडण होतं ते तिच्यावरूनच.

समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्याला येतात. पाहणी, गटसत्रं, सरकारी अर्ज भरून देणं यात त्यांची फार मदत होते. एकेका मुलाचं समुपदेशन मात्र त्यांच्याकडे देऊ नका. ते वर्ष संपताना जातात, आणि या मुलांना माणसं निघून जाण्याचा अनुभव आधीच पुरेसा आलेला असतो.

## डॉक्टर नसलेल्या माणसाने हे करणं धोक्याचं नाही का?

देणगीदार हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींची एक पद्धत तपासली. समुपदेशन करणारे मानसिक आरोग्याचं शिक्षण नसलेले स्थानिक लोक होते. नेहमीच्या उपचाराला या भेटींची जोड मिळालेल्या रुग्णांमध्ये सुधारणा जास्त झाली आणि २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते निष्कर्ष छापले. पण त्या समुपदेशकांना आधी तीन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि मग सहा महिन्यांची शिकाऊ उमेदवारी होती, आणि त्यांच्या भेटींचं नियमित परीक्षण होत होतं. देखरेख काढली तर तो पुरावा आपल्या कार्यक्रमाला लागू होत नाही. म्हणून अंदाजपत्रक कापायची वेळ आली तर एक समुपदेशन-मित्र कमी करा, पर्यवेक्षक काढू नका.

समुपदेशन-मित्राने काय करायचं नाही, हेही लिहून ठेवा. निदान नाही, औषधाबद्दल सल्ला नाही. आत्महत्येचा विचार, आवाज ऐकू येणं, अन्नपाणी तोडणं, गंभीर व्यसन दिसलं तर त्याच दिवशी पर्यवेक्षक आणि मग रुग्णालय. लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे पहिल्याच भेटीत मुलाला 'मी कुणालाच काही सांगणार नाही' असं वचन द्यायचं नसतं. कोणत्या गोष्टी सांगाव्या लागतील ते आधी सांगायचं असतं. हा दोन पानांचा नियम प्रस्तावाला जोडला की देणगीदाराची निम्मी धास्ती तिथेच संपते.

## परिणाम दाखवा म्हणतात, पण मनातला बदल कसा दाखवायचा?

साध्या मोजपट्ट्या आहेत. किती मुलं आली, किती जणांनी किमान चार भेटी पूर्ण केल्या, ठरलेली प्रश्नावली पहिल्या आणि शेवटच्या भेटीत भरून गुण किती बदलले, रुग्णालयात पाठवलेल्यांपैकी किती खरोखर पोहोचले, तीन महिन्यांनी किती जण शाळेत, आयटीआयत किंवा कामावर टिकून आहेत. यातला 'पोहोचले का' हा आकडा सर्वांत बोलका आहे. चिठ्ठी देणं आणि मूल डॉक्टरसमोर बसणं यांत एसटीचं तिकीट, बुडालेली मजुरी आणि बापाची परवानगी असते. प्रवासखर्चाचा रकाना का हवा, याचं उत्तरही तिथेच सापडतं.

वचन मात्र बेतानं द्या. दिल्लीच्या सरकारी शाळांत किशोरांसाठी समस्या सोडवण्याच्या पद्धतीची अशीच शास्त्रीय चाचणी झाली. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी कमी झाल्या, पण लक्षणांच्या प्रश्नावलीवर सहा आठवड्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. निष्णात गटाचा हा अनुभव असेल तर 'वर्षभरात वस्ती तणावमुक्त' किंवा 'आत्महत्या शून्य' असं लिहिणं मुलांवर आणि कार्यकर्त्यांवर अन्याय आहे. आत्महत्या ही एका वस्तीच्या पातळीवर आकड्यांत लहान घटना असते. त्या आकड्यावरून कार्यक्रम चालला की फसला हे कळत नाही, पण एखादं मूल गेलं की दोष मात्र कार्यक्रमावर येतो.

आणि फोटो. अहवालासाठी मुलाचा चेहरा, नाव, 'पूर्वी आणि आता' अशी कहाणी मागितली जाते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्या कायद्याच्या प्रक्रियेतल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि पॉक्सोतही तशीच मनाई आहे. बाकीच्या मुलांच्या बाबतीतही नकारच द्या. वस्तीत ओळख पटायला पाठमोरा फोटोही पुरतो. त्याऐवजी देणगीदाराला पर्यवेक्षणाच्या बैठकीला बोलवा, जिथे नावांशिवाय चर्चा होते. काम समजून घेण्याची ती सर्वांत चांगली जागा आहे.

## परदेशातल्या मंडळींकडून पैसा आणणं सोपं नाही का?

वाटतं तितकं नाही. परदेशी देणगी घेण्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यासाठी संस्था तीन वर्षांची हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने मूळ कामांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के झाली आणि एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठ्या संस्थेमार्फत छोट्या संस्थेला असा पैसा मिळे. ती वाट बंद झाली.

एक फरक मात्र परदेशातल्या मराठी मंडळींनी आणि इथल्या संस्थांनी ध्यानात ठेवावा. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या व्यक्तीकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि ती स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्ट परदेशी असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, ती परदेशी देणगीच ठरते. त्यामुळे नातेवाइकांकडून पैसे घेण्याआधी पासपोर्ट कोणता हे विचारा आणि त्याची प्रत ठेवा. विचारायला संकोच वाटतो म्हणून सोडून दिलं तर पुढे संस्थेची नोंदणीच धोक्यात येऊ शकते.

देशातल्या व्यक्तींच्या लहान मासिक देणग्या हा हळू वाढणारा पण सर्वांत टिकाऊ पैसा. महिना ५०० रुपये देणारी शंभर माणसं म्हणजे वर्षाला सहा लाख, आणि त्यातून पर्यवेक्षकाचा पगार निघून वर काही उरतं. करसवलत हवी असणाऱ्यांना सांगा की ती जुन्या करपद्धतीतच मिळते आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही.

## आणि पैसा थांबला तर?

थांबतो. कंपनीचा नफा घटतो, अधिकारी बदलतात, धोरण बदलतं. म्हणून सामंजस्य करारातच दोन कलमं मागा: निधी बंद करायचा तर किमान तीन महिन्यांची लेखी सूचना, आणि समारोपासाठी वेगळी ठेवलेली दोन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम. एका देणगीदाराचा वाटा एकूण खर्चाच्या निम्म्याहून वर जाऊ देऊ नका.

सूचना आली की नवी मुलं घेणं त्याच आठवड्यात थांबवायचं, कारण सहा भेटी पूर्ण करायला आठ-नऊ आठवडे लागतात. चालू असलेल्या प्रत्येक मुलाला शेवटची भेट कधी आहे हे आधी सांगायचं. ज्यांना पुढेही गरज आहे त्यांना मैत्री क्लिनिकच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या समुपदेशकाकडे चिठ्ठी देऊन न पाठवता, समुपदेशन-मित्राने एकदा सोबत जाऊन ओळख करून द्यायची. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये नुसता साठवून न देता, समोर बसून एकदा लावून दाखवायचा. नोंदवह्या कुलूपबंद करून त्या कोण, कुठे आणि किती वर्षं सांभाळणार ते विश्वस्तांच्या बैठकीत ठरावाने लिहायचं.